बारागोठीचं शेवटचं पान

आमच्या बेलापूरच्या घरमालकांना जगातलं सगळं ठाऊक होतं. फक्त जगाला जे ठाऊक असतं तेवढं सोडून. श्रीरामपुरात कुठला सिनेमा लागलाय, रेडिओवर दिवसातून चारदा कुठलं गाणं वाजतंय, क्रिकेटमध्ये कोण हरलं, निवडणुकीत कोण पडलं, यातलं काहीही काढलं की ते "असं का?" म्हणायचे आणि आपण तिबेटातली बातमी आणली असावी अशा कुतूहलाने बघत राहायचे. उलट, हत्तीचं पोट दुखत असेल तर त्याला सुंठ किती शेर द्यावी आणि ती उपाशीपोटी की जेवणानंतर, हे त्यांना तोंडपाठ होतं. बेलापुरात हत्ती नव्हता. एकदा श्रीरामपुरात सर्कस आली तेव्हा हे सायकल मारत गेले, खेळ बाजूला ठेवून तंबूमागे माहुताला गाठलं आणि हत्तीच्या पोटाची चौकशी केली. माहूत म्हणाला, ठणठणीत आहे. ते हिरमुसून परत आले. "इतकं चांगलं औषध आहे हो," मला म्हणाले, "पण हत्तींनी साथ द्यायला हवी ना."

एकाहत्तर साली जूनमध्ये मी बेलापूरच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा बाविशीत होते आणि घराबाहेर एकटीने राहण्याची पहिलीच वेळ होती. त्यांच्या घराला लागून एक खोली भाड्याने द्यायची होती. एक खिडकी, एक कोनाडा, दार स्वतंत्र. एकट्या मुलीला खोली देताना तेव्हा घरमालक जे जे विचारत, त्या सगळ्याची उत्तरं मी नगरहून एसटीत बसून पाठ करत आले होते. यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. चष्मा पुसून ते म्हणाले, "बाई, तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणीही वाचलेलं नाही असं तुमच्या आवडीचं पुस्तक कुठलं?" मी गडबडले. तोंडातून निघून गेलं, की माझ्या आईची लोणच्यांची हाती लिहिलेली वही आहे, ती मी पुष्कळदा वाचली आहे. ते उठून उभेच राहिले. "खोली तुमची," म्हणाले, आणि आत जाऊन बायकोला सांगून आले की चांगली वाचक भाडेकरू मिळाली आहे. मग काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि राहिलेले सगळे प्रश्न त्यांनी क्रमाने विचारले.

तेव्हापासून ते माझे काका आणि त्या काकू. काका पाटबंधारे खात्यात होते. कालव्याच्या कडेने सायकलवरून फिरायचं, कुणाच्या उसाला किती पाणी गेलं ते पाहायचं, हे त्यांचं काम. पांढरी टोपी, सायकलच्या दांड्याला बांधलेली काळी छत्री आणि कपाळाला आठी. ती आठी रागाची नव्हती; उन्हात चालत्या सायकलवर पुस्तक आठवण्याचा प्रयत्न केला की पडते तशी ती होती. पण ते जवळच्या माणसांनाच माहीत. लांबून पाहणाऱ्याला हा मनुष्य आता कुणाचं तरी पाणी तोडणार असंच वाटे. प्रत्यक्षात ओट्यावर मुंग्यांची रांग लागली तर ते त्या संपेपर्यंत चपला हातात धरून उभे राहत.

त्यांची पुस्तकं नगरच्या रद्दीच्या दुकानांतून यायची. निवडण्याची रीत एकच होती. पुस्तक उचलायचं, कडेवर अंगठा फिरवायचा, आणि पानं अजून कापलेली नसतील, म्हणजे छापल्यापासून ते कुणी उघडलेलंच नसेल, तर छातीशी धरायचं. त्यातला विषय काय हे ते घरी येऊन बघत. असं पुस्तक म्हणजे पत्त्यावर न पोचलेलं पत्र, आणि पोस्टमन होण्यात कमीपणा कसला, असं त्यांचं म्हणणं. या रीतीने त्यांच्याकडे टांग्याच्या घोड्यांच्या स्वभावावर एक पुस्तक होतं, घरच्या घरी सूर्यघड्याळ कसं करावं यावर एक होतं, आणि एका गृहस्थाचं काशीयात्रेचं वर्णन होतं. हे गृहस्थ थंडी वाजते म्हणून मनमाडहूनच परत फिरले होते. पण परतीचा प्रवास त्यांनी असा काही रंगवला होता की काका म्हणत, काशीला पोचलेल्या एकानेही इतकं मन लावून लिहिलेलं नाही. रविवारी सकाळी चहानंतर पानं कापण्याचा समारंभ होई. बांबूची एक चपटी पट्टी होती. पहिल्या महिन्यानंतर ती त्यांनी माझ्या हातात दिली, तेव्हा काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बाई, आता तुम्ही घरच्या झालात. मला लग्नानंतर चार वर्षं लागली ती पट्टी मिळायला."

करमणुकीचंही तसंच. जत्रेत सगळं गाव मोठ्या तमाशाच्या कनातीकडे धावे तेव्हा काका आम्हा दोघींना घेऊन जत्रेच्या पार शेवटी, जिथे जनावरं बांधत तिथे नेत. तिथे हमखास कुणीतरी असा असे की ज्याच्याकडे कुणी गेलेलं नाही. एका वर्षी तो कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारा म्हातारा होता. राजाच्या बाहुलीला एकच हात होता, त्यामुळे लढाईच्या वेळी राजा तलवार खाली ठेवून मग ढाल उचलत होता. प्रेक्षक आम्ही तिघं आणि एक म्हैस. काकांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की म्हैस उठून गेली. खेळ संपल्यावर म्हाताऱ्याने बाहुलीचा हात खाली करून तिला काकांच्या पाया पडायला लावलं. काका गहिवरले आणि त्यांनी राजाला परत नमस्कार केला. अशीच एक कथा ते तंबूतल्या सिनेमाची सांगत. म्हणे कधीकाळी एकच दिवस लागला होता. त्याचं तिसरं रीळ वाटेत हरवलं होतं. त्यामुळे नायिका नदीत पडते आणि लगेच वकील होऊन कोर्टात उभी राहते. काका ती गोष्ट तशीच सांगत, आणि मधे काय झालं असेल याबद्दल त्यांच्याकडे सात शक्यता होत्या. मी बेलापूरला असेपर्यंत त्या नऊ झाल्या.

शाळेतले मास्तर त्यांना हसत. गावातले शेतकरी हसत नसत, पण कट्ट्यावर म्हणत, "साहेब मानूस लई भला हाय, पर त्येंचं सगळं कुनालाच म्हाईत नसलेलं असतंय." आपणही असंच काहीतरी धरून बसलो तर आपल्याशी बोलायला कुणी उरणार नाही, अशी मला सुरुवातीला भीती वाटे. पण खरं सांगायचं तर त्या गावात आधीच माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं. शाळा सुटल्यावरचा तो लांबलचक वेळ या माणसाने भरून काढला. घरून पत्र आलं नाही की ते ओळखत आणि काही न विचारता घोड्यांच्या स्वभावाचं एक प्रकरण वाचून दाखवत. हट्टी घोड्याचं प्रकरण ऐकताना मी आईला विसरून हसले आहे, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

या सगळ्यात त्यांचा जीव अडकला होता तो मात्र एका खेळात. खेळाचं नाव बारागोठी. नगरच्या एका रद्दीच्या गठ्ठ्यात त्यांना तरुणपणी मोडी लिपीत लिहिलेली एक वही सापडली होती. मोडी येत नव्हती म्हणून एका म्हाताऱ्या कुलकर्ण्याकडे सहा महिने जाऊन ते शिकले, आणि मग कळलं की वहीत एका खेळाचे नियम आहेत. समोरासमोर सहा-सहा खळगे, ते गोठे. प्रत्येकात पाच चिंचोके, ती गुरं. आपल्या एका गोठ्यातली गुरं उचलायची आणि पुढच्या गोठ्यांत एकेक सोडत जायचं. एखाद्या गोठ्यात बरोबर चार जमली की ती आपली. इथपर्यंत सगळं झकास लिहिलेलं होतं. वहीचं शेवटचं वाक्य असं होतं: "एका अंगाचे सगळे गोठे ओस पडले म्हणजे मग". त्यापुढचं पान नव्हतं. ते फाटून कुणाच्या तरी शेंगदाण्यांची पुडी झालं होतं. काकांनी तेव्हा त्या गल्लीतल्या तिन्ही शेंगदाणेवाल्यांकडे चौकशी केली होती, आणि त्यातल्या एकाने त्यांना पोलीस समजून दुकान बंद केलं होतं.

तर या "मग"पाशी काका तीस वर्षं थांबले होते. कुणी जाणकार भेटला नाही. पुण्याच्या कुणा पंडिताला पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. या पृथ्वीतलावर हा खेळ ठाऊक असलेला आपण शेवटचा मनुष्य, आणि आपल्यालाही त्याचा शेवट ठाऊक नाही, हे त्यांचं एकमेव दुःख होतं. स्वतःच्या मनाने शेवट ठरवायला ते तयार नव्हते. मी एकदा सुचवलं की ज्याच्याकडे जास्त चिंचोके तो जिंकला असं धरू. ते दुखावले. "बाई, लिहिणाऱ्याने काहीतरी लिहिलं होतं," म्हणाले, "त्याच्या तोंडात आपलं वाक्य कसं घालायचं?" त्यामुळे रविवारी दुपारी आमचा डाव रंगात येई, एका बाजूचा शेवटचा गोठा रिकामा होण्याची वेळ येई, आणि काका खळगे कोरलेल्या लाकडी पाटावर हात पसरून म्हणत, "इथं थांबू." तसे आम्ही शेकडो डाव थांबवले. काकूंनी तो खेळ केव्हाच सोडला होता. त्यांचं म्हणणं, "ज्यात कुणी जिंकत नाही आणि कुणाला उठताही येत नाही, असा खेळ मी चुलीपाशी रोज खेळते."

बहात्तर साली पाऊस रुसला. जिल्ह्याच्या पूर्वेला तर जमीन पार भेगाळली, आणि सरकारने जागोजागी दुष्काळी कामं काढली. काकांची नेमणूक पाथर्डीच्या बाजूला एका पाझर तलावाच्या कामावर झाली. तीनशेवर माणसं, त्यात बायकाच जास्त, माती वाहायला आणि खडी फोडायला. काकांनी जाताना तीन पुस्तकं, चिंचोक्यांची डबी आणि वही नेली. पाट मात्र माझ्या खोलीत ठेवून गेले. खोलीत पाट होता आणि समोर खेळायला कुणी नव्हतं. तो हिवाळा मला फार जड गेला.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांची कार्डं यायला लागली. पहिलं अजून माझ्याकडे आहे. "बाई, सप्रेम नमस्कार. आज दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली आठ बायका बसल्या होत्या. जमिनीत खळगे केले होते. मी लांबून मोजले. बारा. वीस पावलांवर पोचलो तोच त्यांनी पुसले. तिथेच उभ्याने लिहितो आहे म्हणून अक्षर असे." दुसरं कार्ड तीन दिवसांनी: "विचारले. म्हणाल्या, न्हाई साहेब, आमी काय बी खेळत न्हवतो, भाकरी खात हुतो." तिसरं: "आज टोपी काढून गेलो. पुसले." चौथं: "झाडाआड उभा राहिलो. मुकादमाला वाटले मला ऊन लागले. पाणी घेऊन ओरडत धावत आला. पुसले." आणि पाचवं, जे वाचून काकू हसता हसता रडल्या: "आज खात्याच्या मोजणीच्या दुर्बिणीतून पाहिले. तिच्यात सगळे उलटे दिसते हे आपणांस ठाऊक नसेल. कोण कुणाच्या गोठ्यातून उचलते ते कळेना. शेवटास आले होते. तेवढ्यात दुर्बिणीचा रोख पाहून त्यांनी पुसले. उलटे पुसताना पाहणे फार वाईट."

त्या बायकांचं काही चुकत नव्हतं. साहेबाने कामावर खेळताना पाहिलं तर हजेरी मांडायचा नाही, हे त्यांच्या मनात पक्कं होतं, आणि काकांची ती आठी जन्माची. त्यांनी कितीही गोड विचारलं तरी साहेबाचं गोड बोलणं म्हणजे आणखीच भीतीचं. काकू म्हणाल्या, "हे तिथं तलाव होईपर्यंत असेच फिरत राहतील आणि मग वेडे होतील. आपण जाऊ." मे महिन्याची सुट्टी लागली तशी आम्ही दोघी एसटीत बसलो. बरोबर भाकरी आणि माझ्या आईच्या लोणच्याची बरणी होती.

तिथे पोचल्यावर काकूंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे काकांना हुकूम सोडला. दुपारची सुट्टी झाली की त्यांनी शंभर पावलांवर, तलावाच्या भरावाकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोलावल्याशिवाय मागे वळायचं नाही. ते शिक्षा झालेल्या विद्यार्थ्यासारखे जाऊन उभे राहिले. आम्ही बाभळीखाली बसलो. लोणचं फिरलं. साहेबाची बायको जमिनीवर बसून बोटं चाटते आहे म्हटल्यावर बायका जरा सैल झाल्या. त्यांच्यात एक भागूबाई म्हणून म्हातारी होती, हाताला खडीचे घट्टे, डोळे मात्र मिश्कील. मी तिला म्हटलं, मला तुमचा तो खळग्यांचा खेळ खेळायचाय. ती म्हणाली, मास्तरीण बाईला कसा यायचा. मी म्हटलं, बघा तर.

खळगे झाले. चिंचोक्यांच्या जागी खडीचे बारीक तुकडे. तीस वर्षं वहीतून शिकत आलेल्या माणसाकडून मी दीड वर्ष शिकले होते, पण भागूबाईने मला दहा मिनिटांत धुऊन काढलं. माझे गोठे एकामागोमाग ओस पडत गेले. शेवटचा उरला. सवयीने मी हात पसरून "इथं थांबू" म्हणणार होते. काकूंनी माझा हात धरला आणि भागूबाईला म्हणाल्या, "बाई, ते तिकडं उभे आहेत ना, ते इथं साहेब म्हणून नाहीत, आमचे हे म्हणून आहेत. त्यांना तुमचा डाव संपताना बघायचाय. तीस वर्षं झाली."

भागूबाईने काकांच्या पाठीकडे पाहिलं. "मंग बोलवा की," म्हणाली, "उनात कशापायी हुबं केलंय."

काका आले. टोपी हातात घेऊन उकिडवे बसले. माझा शेवटचा गोठा रिकामा झाला. सहाही खळगे कोरडे ठणठणीत. मग काकांनी, जो शब्द इतकी वर्षं वहीच्या शेवटी लटकत होता, तो अगदी हळू उच्चारला.

"मग?"

"मंग काय?" भागूबाई म्हणाली. तिने आपल्या ढिगातले सहा खडे उचलले आणि माझ्या सहा गोठ्यांत एकेक ठेवला. "वस पडलेला गोठा ठिवून उठायचं न्हाई. एकेक घालायचं आन् मंगच उठायचं. उद्या डाव मांडायचा न्हाई का?"

"आणि जिंकलं कोण?"

"मी जितले की," भागूबाई त्यांच्याकडे कीव केल्यासारखी बघत म्हणाली. "दिलं कुनी?"

काकांनी ते सहा खडे बोटाने एकेक करून मोजले. मग त्यांनी विचारलं, हा खेळ कुठं शिकलात. आईकडून, ती म्हणाली. आणि इथं नवीन काय आहे त्यात, ऊसतोडीला जातो तेव्हा कोप्यांपुढं रोजच खेळतो, तिकडं बेलापूरच्या कालव्याकडंला. दरसाल. काकांची टोपी हातातून पडली. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. ऊसतोडणीवाल्यांच्या त्या कोप्या, उसाच्या पाचटाच्या झोपड्या, आमच्या घरापासून दोन मैलांवर पडत. त्यांच्यावरून काका तीस हिवाळे सायकलने गेले होते.

"तिथं मी कधी पाहिलं नाही," ते म्हणाले.

"कसं दिसंल? कालव्याचा सायब यायचा ना, सायकलवर छत्री बांधून. त्यो लांबनं दिसला का आमी पुसायचो." बोलता बोलता ती थांबली. तिने टोपीकडे पाहिलं, आठीकडे पाहिलं. "त्यो तुमीच व्हय? लई भ्याव वाटायचं वो तुमचं."

मुंग्यांसाठी चपला हातात धरणारा तो माणूस खाली बघत बसला. त्यांना आयुष्यात जे एकच हवं होतं ते त्यांच्या सायकलच्या घंटीने दरवर्षी पुसलं जात होतं. काकूंनी लोणच्याची बरणी त्यांच्यापुढे सरकवली. दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नसावं. काकांनी एक फोड घेतली, खाल्ली आणि भागूबाईला म्हणाले, "मावशी, माझ्याशी एक डाव खेळता?" ती खेळली. तेही हरले. त्यांच्या गोठ्यांत एकेक खडा पडत असताना त्यांच्या कपाळावरची आठी गेलेली मी पहिल्यांदा पाहिली.

परतायच्या वेळी मला एकच धास्ती होती. ज्याला कुणालाही ठाऊक नसलेलंच आवडतं, त्याचा लाडका खेळ कामावरच्या सगळ्या बायकांना येतो म्हटल्यावर आता त्याला त्याची गोडी कशी राहणार? निघताना मी ते विचारलं. काका चकित झाले. "बाई, तुम्हीपण?" म्हणाले. "कुणाला ठाऊक नाही म्हणून मला काही आवडतं असं नाही हो. मला जे आवडतं ते कुणाला ठाऊकच नसतं, त्याला मी काय करू? मी तर तुम्हाला पहिल्या दिवशी विचारलं होतं." मला तो लोणच्याच्या वहीचा प्रश्न आठवला. मला वाटलं होतं ते परीक्षा घेतायत. ते सोबत शोधत होते.

पुढच्या हिवाळ्यात तोडणीवाले पुन्हा आले. काका टोपी आणि छत्री घरी ठेवून, लांबूनच हाका मारत कोप्यांकडे जायचे, आणि खळगे पुसले न जाता तसेच राहायचे. रविवारी मलाही नेत. वहीच्या शेवटी त्यांनी एक पान चिकटवलं. "मग"च्या पुढे भागूबाईचं बोलणं तिच्याच शब्दांत, एक अक्षर न सुधारता, मोडीत लिहिलं आणि खाली तिचं नाव घातलं.

चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये माझी बदली नगरला झाली. ट्रंक दाराशी ठेवून आम्ही शेवटचा डाव मांडला. तो थांबवला नाही. मी जिंकले, ते मुद्दाम हरले का, हे मी विचारलं नाही. त्यांच्या सहा गोठ्यांत मी एकेक चिंचोका ठेवला. एसटीची वेळ झाली होती, काकू ओट्यावर उभ्या होत्या आणि काका पाट कपड्यात गुंडाळत होते. मी ट्रंक उचलली, खाली ठेवली आणि पुन्हा आत गेले. खोली पार रिकामी होती. ज्या मुलीने तीन वर्षांपूर्वी या खोलीत पहिल्या रात्री उशीत तोंड खुपसलं होतं, ती आता इथून निघायला तयार नव्हती. एवढं मला या घराने दिलं होतं. मी मुठीत ठेवलेला एक चिंचोका कोनाड्यात ठेवला आणि बाहेर पडले.

काका जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ते गेल्यानंतर एकदा काकूंना भेटायला गेले होते तेव्हा त्या खोलीत एक नवी शिक्षिका राहत होती, अशीच बावीस-तेवीसची, चेहरा उतरलेली. काकू वाण्याकडे गेल्या होत्या, म्हणून तिने मला आत बसवलं. कोनाड्यात चिंचोके होते. एक नव्हे, पाच. मी बघत राहिले तशी ती ओशाळून म्हणाली, "मी आले तेव्हापासून आहेत. आधी राहून गेलेल्यांनी ठेवलेत म्हणे. काकूंनी काढू नका म्हणून सांगितलंय. का ते मी विचारलं नाही."

मी तिला विचारलं, तुला आज दुपारी काही काम आहे का. ती म्हणाली, नाही, शाळा सुटल्यावर काहीच नसतं. मग मी खाली बसले, फरशीवर खडूने सहा-सहा घरं काढली आणि तिला म्हटलं, काकूंच्या फडताळात चिंचोक्यांची डबी असेल, तेवढी घेऊन ये.